व्यावसायिक बास्केटबॉल खेळाडू खेळाकडे कसे पाहतात? आणि खेळाने दिलेलं परत द्यायचं म्हणजे नक्की काय करतात?

'व्यावसायिक' म्हणजे आपल्याकडे काय, तिथून सुरुवात करते, कारण प्रश्न विचारताना तुमच्या डोळ्यांसमोर बहुतेक अमेरिकेतले कोट्यवधींचे करार असतील. भारतात बास्केटबॉल खेळणारीचं घर लीगवर चालत नाही, नोकरीवर चालतं. रेल्वे, पोलीस, बँका, सरकारी खाती खेळाडूंना कामावर घेतात, पगार देतात आणि स्पर्धा असली की सरावाला मोकळं सोडतात. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेचा इतकी वर्षं दबदबा राहिला त्यामागचं मोठं कारणही हेच, नोकरी जिथे तिथे चांगल्या मुली. गीतू अ‍ॅना जोस दक्षिण रेल्वेकडून खेळली, ऑस्ट्रेलियातल्या क्लबकडून खेळली आणि 2011 मध्ये डब्ल्यूएनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक लीगच्या, संघांनी तिला चाचणीला बोलावलं. भारताकडून खेळलेल्या प्रशांती सिंगला 2019 मध्ये पद्मश्री मिळाली. एवढी मजल थोड्याच जणींची. बाकी आम्ही मधल्या फळीतल्या. मी नागपूरची, खेळाडू कोट्यातून नोकरीला लागलेली, आणि आमच्या घरात खेळाच्या जोरावर पगार आणणारी पहिलीच.

खेळाकडे कशी पाहते, तर हा चुकण्याचा खेळ आहे असं मी नव्या मुलींना पहिल्याच आठवड्यात सांगते. स्टीफन करीला जगातला सर्वोत्तम शूटर मानतात, आणि त्याचेही तीन गुणांचे, म्हणजे लांबून मारलेले, निम्म्याहून जास्त शॉट हुकतात. बॉल हातात आला की 24 सेकंदांत शॉट घ्यावा लागतो आणि शॉट हुकला की समोरचा संघ लगेच आपल्या रिंगकडे सुटतो. वाईट वाटून घेत तिथेच उभं राहिलात तर तुमच्या वाट्याची खेळाडू मोकळी राहते. त्यामुळे हुकला की वळायचं आणि धावायचं, हे अंगात मुरवावं लागतं. निवड यादीत नाव आलं नाही तेव्हा आणि गुडघ्याच्या दुखण्याने घरी बसले तेव्हाही मला हेच उपयोगी पडलं.

दुसरी गोष्ट बेंचची. संघात 12 जणी, कोर्टवर 5. बेंचवर बसलेल्या मुलीला आतल्यांना दिसत नाही ते दिसतं. टाइमआउटमध्ये बाटली हातात देता देता ती कानाशी म्हणते, "तिचा डावा पाय उशिरा पडतो, त्या बाजूने जा." तुम्ही जाता, दोन गुण होतात, आणि स्कोअरशीटवर तिचं नाव कुठेही येत नाही. मी दोन्ही जागी बसले आहे, म्हणून खात्रीने सांगते, संघ जिंकतो तेव्हा त्यात त्या वाक्याचा वाटा असतो.

आता परत देण्याबद्दल. माझ्यापुरतं याचं उत्तर कोर्टवरच्या एका जागेत आहे, रिंगच्या खाली. शूटिंगचा सराव एकटीने करून पाहा. शॉट मारला, बॉल रिंगला लागून कंपाउंडच्या भिंतीकडे गेला, पळत जाऊन आणा, परत जागेवर या. धाप लागते, खांदा थंड पडतो, अर्धा वेळ बॉलमागे जातो. रिंगखाली कुणी उभं असलं की तोच सराव वेगळा होतो. ती बॉल पकडते आणि तुमच्या छातीच्या उंचीवर, शूटिंगच्या हाताकडे, नेमका देते. तुम्ही गुडघे वाकवून तयारच असता, त्यामुळे बॉल हातात येतो तसाच वर जातो. तेवढ्याच वेळात कितीतरी पट शॉट होतात, आणि मुख्य म्हणजे एकसारखे होतात. पास पायाशी आला किंवा डोक्यावरून गेला की लय तुटते. म्हणून ते काम येरागबाळ्याचं नाही, खेळ कळणाऱ्याचंच आहे.

माझ्यासाठी एक सीनिअर ताई तिथे उभी राहायची. स्वतः राज्य पातळीवर खेळलेली, पुढे दिवसभर नोकरी. मे महिन्यात आमच्याकडे सकाळी आठलाच सिमेंटचं कोर्ट बुटांच्या तळव्यातून चटके देतं, म्हणून सराव उजाडायच्या आत सुरू व्हायचा. ताईचा सराव संपला की ती माझ्या रिंगखाली यायची. बोलणं फार कमी. सलग काही शॉट हुकले की एवढंच, "कोपर बघ." किंवा, "काहून घाई करून राहिली?" मला तिच्याकडून बूट किंवा पैसे कधी मिळाले नाहीत. तिची झोपेची एक वेळ मात्र मला रोज मिळत होती, आणि आज माझा जो काही शॉट आहे तो त्या वेळेतून झाला आहे.

या खेळाची सुरुवात मला याच कारणासाठी आवडते. डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ यांनी हॉलच्या गॅलरीला पीच फळांच्या टोपल्या टांगल्या. टोपल्यांना तळ होता. बॉल आत पडला की कुणीतरी शिडी लावून तो काढून द्यायचा, तेव्हा खेळ पुढे. त्यांच्या 13 नियमांत बॉल घेऊन पळायला मनाई होती, पकडला तिथूनच दुसऱ्याला द्यायचा. ड्रिबलिंग, म्हणजे बॉल आपटत पुढे नेणं, नंतर आलं. आणि 1892 मध्येच सेंडा बेरेन्सन यांनी अमेरिकेतल्याच स्मिथ या मुलींच्या कॉलेजात मुलींना हा खेळ शिकवायला घेतला. ऑलिम्पिकमध्ये मात्र पुरुष 1936 ला आले आणि महिला 1976 ला. मधली 40 वर्षं मुली खेळतच होत्या. (1936 चा अंतिम सामना बर्लिनमध्ये मातीच्या कोर्टवर, भर पावसात झाला. अमेरिका 19, कॅनडा 8. जुलैत कोर्टवर चिखल बघून मुली कुरकुरल्या की मी हा स्कोअर सांगते.)

मी सध्या करते ते मुलींसाठी. नागपुरात बास्केटबॉल नवा नाही, धंतोली, शिवाजीनगर भागात संध्याकाळी बॉलचा आवाज ऐकू येतो, मानकापूरला विभागीय क्रीडा संकुल आहे. लहान मुलीही भरपूर येतात. त्या गळतात आठवी-नववीत. शिकवणीची वेळ, पाळीचे दिवस, शॉर्ट्सवरून शेजारच्यांचे शेरे, कपडे बदलायला आडोसा नसणं, संध्याकाळी परतीच्या रस्त्यावरचा अंधार. एकेक कारण लहान वाटतं, पण सगळी मिळून मुलगी घरी बसते. शिकवण्याइतकंच माझं काम मग आयांशी बोलण्याचं होतं. "ताई, दहावीचं वर्ष आहे हो," असं आई म्हणते, आणि तिचं चुकत नाही. मी सांगते, काकू, सकाळचा एकच तास द्या, शिकवणीच्या आधी ती घरी असेल. वरच्या पातळीवर खेळली तर बोर्डाच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात, हेही सांगते. आणि नोकरी सगळ्यांना लागत नाही, हे तर तोंडावर सांगते. आमिष दाखवून आणलेली मुलगी दोन वर्षांनी कडवट होऊन जाते, ते मला नको आहे.

कोर्टवर आल्यावर शूटिंगच्या आधी मी उडी मारून खाली येणं शिकवते. यावर माझा फार जोर आहे. वयात येणाऱ्या मुलींमध्ये गुडघ्यातला एसीएल हा लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडून ठेवणारा पट्टा, फाटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं, आणि बऱ्याचदा कुणी धक्काही दिलेला नसतो. उडीनंतर पाय ताठ ठेवून पडणं, गुडघे आतल्या बाजूला एकमेकांकडे झुकणं, एवढं पुरतं. म्हणून पायरीवरून उतरायला लावते, दोन्ही पायांवर, चवड्यांवर हलकं टेकून, गुडघे वाकलेले आणि बोटांच्या रेषेत. आवाज ऐकायचा. धप्प आवाज आला की परत वर. मुलींना हे कंटाळवाणं वाटतं, पण मी सोडत नाही. हा लिगामेंट फाटला की शस्त्रक्रिया आणि पुढे कित्येक महिने व्यायाम. एवढा खर्च झेपणारी घरं आमच्या कोर्टवर फार नाहीत.

परत देण्याचं उदाहरण हवं असेल तर नागपुरात ते आहे. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे सर पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी झोपडपट्टीतली मुलं बघून थांबले आणि 2001 पासून त्यांनी अशा मुलांना फुटबॉल खेळवणारं स्लम सॉकर उभं केलं. खेळ वेगळा, पण मला त्यातली घ्यावीशी वाटते ती गोष्ट म्हणजे सातत्य. 29 ऑगस्टला, राष्ट्रीय क्रीडा दिनी, साहित्यवाटपाचे फोटो सगळीकडे दिसतात. वाटप वाईट नाही. त्या मुलांकडे नोव्हेंबरात कोण येतं, हे मी बघते.

तुम्ही खेळाडू नसाल आणि तरी काही करायचं असेल, तर दोन मार्ग. वेळ असेल तर जवळच्या कोर्टवर आठवड्यातली एक सकाळ ठरवा आणि ती मोडू नका. नेमका पास द्यायला तुम्हीही शिकाल, तोवर मुलींची ने-आण करा, हजेरी घ्या. पैसेच द्यायचे असतील तर आधी तिथल्या कोचला विचारा. महागडा लेदरचा बॉल सिमेंटवर थोड्याच दिवसांत सोलवटतो, बाहेरच्या कोर्टला रबरीच बरा. 12 वर्षांखालच्यांना 5 नंबरचा, मोठ्या मुलींना 6 नंबरचा. मोठा बॉल लहान हातात दिला की मूल तो खांद्यावरून फेकायला लागतं, आणि ती सवय पुढे जाता जात नाही. जमलं तर लहानांसाठी 2.60 मीटरवर बसणारी रिंग लावून द्या, 3.05 मीटरची नेहमीची रिंग त्यांना फार उंच पडते. रिंगला जाळी हवीच, नाहीतर बॉल आतून गेला की बाजूने, यावर रोज भांडण होतं. आणि पंप देणार असाल तर त्याच्या चार-पाच पिना जास्तीच्या द्या. त्या हरवतात, आणि मग चांगले बॉल हवेविना कपाटात पडून राहतात.