वाचकांचे प्रश्न : नवा गेमिंग पीसी हँग होतोय

प्रश्न : लॅमिंग्टन रोडवरून महिन्यापूर्वी पीसी असेंबल करून घेतला. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० मदरबोर्ड, १६ जीबीच्या दोन डीडीआर५ ६००० रॅम, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी आणि ६५० वॉटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय). गेम सुरू केल्यावर थोड्या वेळात चित्र जागीच थिजतं, आवाज एकाच सुरावर घरघरत राहतो, माउस हलत नाही. पॉवरचं बटण दाबून धरूनच बंद करावा लागतो. कधी नुसता ब्राउझर चालू असतानाही असं होतं. विंडोज पुन्हा टाकून पाहिलं. दुकानदार म्हणतो, ग्राफिक्स कार्ड खराब आहे. — एक वाचक, भांडुप

उत्तर : कार्ड बदलायची घाई करू नका. ब्राउझरमध्ये कार्डावर फारसा ताणच नसतो, तरी तुमचा पीसी थिजतो. शिवाय कार्ड दगा देतं तेव्हा बहुतेकदा स्क्रीन काळी होते आणि मागे आवाज चालू राहतो. एसएमपीएस कमी पडला तर मशीन आपोआप बंद होतं किंवा रीस्टार्ट होतं. चित्र, आवाज, माउस सगळं एकदम अडकलं की आमचा पहिला संशय रॅमवर.

रॅमच्या खोक्यावरचा ६००० हा आकडा म्हणजे ओव्हरक्लॉक, म्हणजे अधिकृत मर्यादेपेक्षा जास्त वेग आहे. या प्रोसेसरसाठी एएमडीची अधिकृत मर्यादा रॅमच्या दोन पट्ट्यांना ५२०० आहे. बहुतेक जोड्या ६००० वर सुरळीत चालतात, पण प्रत्येक प्रोसेसरमधला रॅम हाताळणारा भाग, म्हणजे मेमरी कंट्रोलर, तेवढाच दमदार निघेल असं नाही. म्हणून सुरू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये जा, एक्स्पो (रॅमला ६००० वर चालवणारी सेटिंग) बंद करा, सेव्ह करा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली मेमरीचा वेग आता बहुधा ४८०० दिसेल. दोन-तीन दिवस असंच खेळा. या काळात दुसरं काहीही बदलू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणारच नाही.

हँग होणं थांबलं, तर बायोस अपडेट करा. मदरबोर्डच्या नेमक्या मॉडेलची आणि रिव्हिजनची फाइल घ्या, पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. मधेच लाइट गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, तेव्हा यूपीएस असेल तर तो लावाच. अपडेटनंतर पहिल्यांदा सुरू होताना स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते. रॅमचं ट्रेनिंग, म्हणजे मदरबोर्डचं रॅमशी जुळवून घेणं, चालू असतं. घाबरून बटण दाबू नका. मग एक्स्पो पुन्हा चालू करून पाहा. परत अडकला तर वेग ५६०० ठेवा, गेममध्ये फरक जेमतेम जाणवेल.

४८०० वरही थिजत असेल, तर कॅबिनेट उघडा. चार स्लॉट असतील तर दोन पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये असायला हव्यात. शेजारी-शेजारी बसवलेल्या असल्या तर हलवा. मग मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेऊन चारही फेऱ्या पूर्ण होऊ द्या, रात्रभर लावलेला बरा. एक एरर आली तरी ती रॅम नापास. नंतर एका वेळी एकच पट्टी प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून कोणती सदोष ते शोधा. एररच्या स्क्रीनचा फोटो आणि बिल घेऊन दुकानात गेलात की वाद उरत नाही. जोडीतली एकच पट्टी बदलून घेऊ नका, पूर्ण जोडी बदलून मागा.

रॅम पास झाली तर विंडोजमधला इव्हेंट व्ह्यूअर उघडा, त्यात बिघाडांच्या नोंदी असतात. तिथली कर्नल-पॉवर ४१ ही नोंद पाहून अनेकजण एसएमपीएस बदलतात. ती फक्त एवढंच सांगते की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं, आणि बटण दाबून तर ते तुम्हीच बंद करता! तिच्या आधीच्या नोंदी वाचा. एसएसडीबद्दलची स्टोअरएनव्हीएमई (stornvme) १२९ ही नोंद वारंवार दिसली तर एसएसडी काढून नीट बसवा, तिचं फर्मवेअर अपडेट करा. तरीही कार्डाची शंका असेल, तर ते काढून मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावा. ७६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे. तसंही थिजला तर कार्ड निर्दोष.

प्रोसेसरचं तापमान एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये बघा. या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश आहे. गेममध्ये सतत तिथेच टेकत असेल, तर कूलरखालची प्लास्टिकची फिल्म काढायची राहिली आहे का, ते आधी तपासा.

प्रश्न : अशाच पीसीत आणखी दोन पट्ट्या टाकून ६४ जीबी करू का? — एक वाचक, दादर

उत्तर : नको. चार पट्ट्यांना या प्रोसेसरची अधिकृत मर्यादा ३६०० वर येते. आहे ती जोडी विका आणि ३२ जीबीच्या दोन पट्ट्यांची नवी जोडी घ्या.