नजरकैद, स्थानबद्धता की बंदिवास? नेपोलियनच्या निमित्ताने

प्रश्न असा आला आहे: वॉटर्लूच्या लढाईत असलेला आणि नंतर सेंट हेलेना बेटावर नेमणूक झालेला तरुण ब्रिटिश स्टाफ ऑफिसर बेसिल जॅक्सन याच्या आठवणींतले काही उतारे मराठीत आणायचे आहेत. तिथली नेपोलियनची अवस्था सांगायला 'नजरकैद' म्हणावं, 'स्थानबद्धता' की 'बंदिवास'? आणि जॅक्सनला 'पहारेकरी' म्हटलं तर चालेल का?

माझं मत 'नजरकैद' या शब्दाला आहे.

'बंदिवास' सगळ्यांत मोघम. त्यात कोठडीही बसते आणि राजवाडाही, त्यामुळे शीर्षकाला ठीक, तपशिलाला अपुरा. 'नजरकैद' आणि 'स्थानबद्धता' मात्र एकाच अर्थाचे समजून वापरले जातात, आणि तसे ते नाहीत. आपल्याच इतिहासातली दोन उदाहरणं शेजारी ठेवली की फरक कळतो. 1689 मध्ये रायगड पडल्यावर शाहू मोगलांच्या हाती लागले आणि 1707 पर्यंत बादशाही छावणीत राहिले. त्यांना 'राजा' हा किताब आणि सात हजारी मनसब होती. छावणी हलली की त्यांचा मुक्कामही हलायचा. जागा ठरलेली नव्हती, पण नजर सुटत नव्हती. ही नजरकैद. याउलट सावरकरांना 1924 मध्ये तुरुंगातून सोडताना रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायची मनाई केली, ती 1937 पर्यंत टिकली. तिथं हद्द ठरलेली होती, हद्दीच्या आत घर, संसार, मंदिरप्रवेशाची चळवळ सगळं चालू होतं. ही स्थानबद्धता. म्हणजे एका शब्दात बंधन माणसाच्या नजरेचं, दुसऱ्यात जागेचं.

'स्थानबद्ध'ला आज आणखी एक अडचण आहे. 'एमपीडीएखाली सराईत गुन्हेगार वर्षभरासाठी स्थानबद्ध' अशी बातमी आपण नेहमी वाचतो आणि पुढच्याच ओळीत त्याची रवानगी येरवड्याला झालेली असते. वर्तमानपत्री मराठीत या शब्दाला तुरुंगाचा वास लागला आहे. अनुवादात तो वापरला तर वाचकाच्या डोळ्यांसमोर गजांची खोली उभी राहील, सेंट हेलेनावर नेपोलियनला राहायला दिलेलं लाँगवुडचं घर नाही.

आता लाँगवुडची व्यवस्था पाहा. ऑक्टोबर 1815 मध्ये नेपोलियन बेटावर पोचला आणि डिसेंबरात त्या घरात राहायला गेला. सुरुवातीला सुमारे बारा मैलांच्या घेरातला मुलूख त्याला मोकळा होता, त्यापलीकडे जायचं तर सोबत ब्रिटिश अधिकारी हवा. 1816 मध्ये आलेल्या गव्हर्नर हडसन लो याने तो घेर आणखी आवळला. दिवसा पहारे लांबवर असत, रात्री ते घराच्या अगदी जवळ येत. बेटावरच्या टेकड्यांवर झेंड्यांनी खुणा करायची सोय होती आणि कैदी बेपत्ता झाला तर निळा झेंडा चढवायचा असं ठरलेलं होतं. घराच्या आवारातच एक कॅप्टन कायम मुक्कामाला असे. त्याचं मुख्य काम एकच: कैद्याला रोज प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहायचं आणि तसं कळवायचं. नेपोलियननं हे ओळखून बाहेर पडणंच कमी केलं. खिडक्यांच्या झडपांना भोकं पाडून तो आतून बाहेरचं पाहायचा आणि बाहेरचा अधिकारी त्याची एक झलक मिळावी म्हणून ताटकळत राहायचा. अख्ख्या बंदोबस्ताचा कणा जिथं 'दिसला की नाही' हा प्रश्न होता, तिथं 'नजरकैद'इतका नेमका शब्द मला दुसरा सुचत नाही.

कायद्यानं मात्र तो 'युद्धकैदी' होता. ब्रिटिश पार्लमेंटनं 1816 मध्ये खास कायदा करून त्याला तसंच वागवायचं ठरवलं. उताऱ्यात सरकारी कागदाचा उल्लेख आला तर तिथं 'युद्धकैदी'च ठेवा. आणि एल्बा बेटाचा विषय निघाला तर 'नजरकैद' अजिबात नको. 1814 मध्ये त्याला तिथं धाडलं तेव्हा त्या बेटाचं राज्यच त्याच्याकडे होतं. त्याला 'हद्दपारी' म्हणावं, जसं 1839 मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला पाठवलं त्याला आपण म्हणतो. ही दोन बेटं मराठी लेखनात फार वेळा एकाच मापानं मोजली जातात.

खरी कसोटी मला वेगळ्याच ठिकाणी दिसते, ती क्रियापदात. ब्रिटिशांनी त्याला सम्राट मानायचं नाकारलं, त्यांच्या तोंडी कायम 'जनरल बोनापार्ट'. लाँगवुडमधल्या फ्रेंच मंडळींना ते झोंबायचं. वाद इतका टोकाचा, की मृत्यूनंतर थडग्यावर 'नेपोलियन' एवढंच लिहायचं की 'बोनापार्ट'ही घालायचं यावर एकमत झालं नाही आणि दगड कोराच राहिला. इंग्रजीत हा झगडा पदवीपुरता राहतो. मराठीत तो वाक्याच्या शेवटापर्यंत जातो. फ्रेंच सेवक म्हणणार, 'महाराज आज बाहेर पडणार नाहीत.' तीच गोष्ट अधिकारी लिहिणार, 'जनरल बोनापार्ट आज बाहेर पडला नाही.' निवेदनात 'तो' ठेवा, मराठी इतिहासलेखनात नेपोलियन एकेरीच असतो. पण संवादात ज्याचं त्याचं क्रियापद ज्याला त्याला द्या. जॅक्सनची दोन्ही बाजूंशी ऊठबस होती, म्हणून त्याच्या उताऱ्यांत हे फार जपायला हवं.

आता जॅक्सनला काय म्हणायचं ते. 'स्टाफ' म्हटलं की आपल्याला शाळा-कचेरीतला नोकरवर्ग आठवतो. इथं अर्थ सेनापतीच्या हाताखालचं मंडळ: हुकूम पोचवणं, वाटा पाहणं, मुक्कामाची सोय लावणं. वॉटर्लूला जॅक्सन जेमतेम विशीचा होता आणि क्वार्टरमास्टर-जनरलच्या खात्यात होता. रांगेत उभा राहून लढणाऱ्या शिपायाला जे दिसत नाही ते अशा माणसाला दिसतं. पुढं लढाई पेटलेली असताना मागच्या सोआन्यच्या जंगलात बंदुका नीट रचून, चुली पेटवून निवांत बसलेल्या तुकड्या त्यानं पाहिल्या. मराठा फौजेत मुक्कामाची जागा धरायला पुढं जाणारे 'बिनीवाले' होते, कामाचा मेळ बऱ्यापैकी बसतो. तरीही तो शब्द वापरू नये, कारण 'बिनीचा शिलेदार' म्हणजे आज आपल्याला आघाडीवर तलवार गाजवणारा वाटतो. 'स्टाफ ऑफिसर'च ठेवा आणि पहिल्या उल्लेखाला एक वाक्य खुलाशाचं घाला.

लाँगवुडच्या त्या कॅप्टनचा हुद्दा 'ऑर्डरली ऑफिसर' असा आहे. तो मात्र जसाच्या तसा ठेवू नका. मराठीत 'ऑर्डरली' म्हणजे साहेबाची बॅग उचलणारा. 'लाँगवुडवर तैनात अधिकारी' म्हणा.

जॅक्सन स्वतः दारावर उभा नव्हता. तो गव्हर्नरच्या हाताखाली होता, लाँगवुडच्या डागडुजीचं काम त्याच्याकडे होतं आणि 1819 पर्यंत तो बेटावर राहिला. त्यामुळे 'पहारेकरी' त्याला बसत नाही, 'जेलर' तर नाहीच. गणपतीत, मोर्च्यात, निवडणुकीत आपण रोज वापरतो तो शब्द इथं चपखल आहे: जॅक्सन हा 'बंदोबस्तावरचा अधिकारी'.