वाचकांचे प्रश्न : जुन्या कबरींवरचे लेख उतरवून घेताना

प्रश्न : ताई, आम्ही काही जण मिळून एका जुन्या दफनभूमीतल्या कबरींवरचा मजकूर उतरवून घेतोय, म्हणजे उद्या कुणाला आपलं घराणं शोधायचं असेल तर हाताशी काहीतरी असेल. पण बऱ्याच दगडांवर शेवाळ चढलंय, अक्षरं पुसट झालीत. ग्रुपमध्ये कुणी म्हणतं खडू घासा, कुणी म्हणतं शेव्हिंग फोम लावा, कुणी तारेचा ब्रश आणि ब्लीच घेऊन यायला तयार आहे. काय करावं?

कृपा करून यातलं काहीही करू नका, आणि ब्लीचवाल्यांना तर आजच थांबवा. संगमरवर आणि चुनखडीचा दगड आम्लानं विरघळतो, आणि शेव्हिंग फोममध्ये आम्ल असतं, वरून धुतला तरी तो दगडाच्या बारीक छिद्रांत थोडाफार राहतोच. ब्लीचचं पाणी वाळलं की मागे क्षार उरतात, ते दगडाच्या आत स्फटिक होऊन फुगतात आणि मग वरचा पापुद्रा सुटतो, आणि त्या पापुद्र्यावरच तर नाव कोरलेलं असतं! खडू आणि तारेचा ब्रश दोन्ही ओरखडे काढतात. तुम्हाला एकदा वाचायला मिळावं म्हणून पुढच्यांचं वाचणं बंद व्हायला नको.

खरं सांगू का, अशा बहुतेक दगडांना सफाई नाही, उजेड लागतो. कोरलेलं अक्षर आपल्याला दिसतं ते त्याच्या सावलीमुळे, ऊन समोरून पडलं की सावली जाते आणि दगड कोरा वाटतो. म्हणून दगडाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघा आणि ऊन बाजूनं घासून जाईल अशी वेळ धरा. तेही जमत नसेल तर एकानं मोठा आरसा घेऊन थोडं लांब उन्हात उभं राहायचं आणि कवडसा दगडाच्या पृष्ठभागाला जवळपास समांतर टाकायचा, आरसा हळूहळू फिरवत गेलं की जिथं काहीच नव्हतं तिथं आधी एखादी उभी रेघ, मग गोलाई, मग अख्खी ओळ उठून येते. अंधार पडायच्या वेळी साधा टॉर्च बाजूला धरूनही हे होतं. फोटो मात्र एकच काढू नका, डावीकडून उजेड, उजवीकडून उजेड, वरून उजेड असे वेगवेगळे काढा, कारण आडव्या रेघा एकात दिसतात आणि उभ्या दुसऱ्यात.

पडलेला पालापाचोळा हातानं काढा, दगड ठणठणीत असेल आणि दफनभूमी सांभाळणाऱ्यांची परवानगी असेल तर मऊ ब्रश आणि साधं पाणी चालेल. दगडाचे पापुद्रे निघत असतील किंवा टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला तर हातच लावू नका. वेल चढला असेल तर ओढू नका, त्याच्याबरोबर दगडाचा तुकडा येतो. काही ठिकाणी अक्षरं शिशाची बसवलेली असतात, ती गळून पडली तरी खालची भोकं राहतात, त्या भोकांच्या ठेवणीवरून अक्षर ओळखता येतं, तेव्हा ती भोकंही जवळून टिपून ठेवा.

प्रश्न : लेखात स्पेलिंगच्या चुका दिसतात, तारखा जुळत नाहीत. उतरवताना दुरुस्त करायचं का?

अजिबात नाही! दगडावर जसं आहे तसं, ओळीला ओळ, चुकीसकट. पुसट अक्षर चौकटी कंसात, गेलेल्या अक्षरांच्या जागी टिंबं, आणि तुमचा अंदाज वेगळ्या रकान्यात. इंग्रजी आकड्यांत ३ च्या डाव्या बाजूला शेवाळ भरलं की तो सरळ ८ दिसतो, १ आणि ७ चाही असाच घोळ होतो. शंका असेल तर दोन्ही शक्यता लिहा, कारण तीन वर्षांचं मूल आणि आठ वर्षांचं मूल यात शोधणाऱ्याची सगळी वंशावळ इकडची तिकडे होते.

तारखांचं तर विचारूच नका. इंग्लंड आणि त्याच्या वसाहतींत १७५१ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणजे दगडावर फेब्रुवारी १७१० असेल तर आपल्या हिशेबानं ते १७११ असू शकतं. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, त्यामुळे एक हिजरी साल बहुतेक वेळा दोन इंग्रजी सालांत पसरतं. मूळ साल तसंच ठेवा, रूपांतर शेजारी. आणि दगड कधीकधी मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी बसवलेला असतो, जन्मतारीख कुणाच्या तरी आठवणीवरून घातलेली असते, माणूस तिथं पुरलेला असेलच असंही नाही. म्हणून दफनाच्या रजिस्टरशी ताडून बघणं आलंच.

माझ्या मते सगळ्यात जास्त हुकतं ते शेजाऱ्यांचं. लोक एकेका दगडाचा फोटो काढतात आणि कोणता दगड कुणाशेजारी होता हेच हरवतं. लग्न होऊन आडनाव बदललेली मुलगी आईवडिलांच्या बाजूला असते, दगडावर नातं लिहिलेलं नसतं, ते फक्त जागेवरून कळतं. तेव्हा आधी हातानं का होईना नकाशा काढा, ओळींना आणि दगडांना नंबर द्या, मग मजकुराला लागा. मागची बाजू, कडा, आणि अगदी खाली मातीलगत कोरलेलं कारागिराचं नावही बघायचं.

प्रश्न : हे सगळं ऑनलाइन कुठं टाकावं?

कबरींच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइट आहेत, फाइंड अ ग्रेव्ह १९९५ पासून आहे, बिलियनग्रेव्ह्ज २०११ पासून, तिथं फोटोबरोबर जीपीएसची जागाही नोंदली जाते. जरूर टाका, पण मूळ फोटो आणि तक्ता स्वतःजवळही दोन ठिकाणी ठेवा, आणि एक छापील प्रत दफनभूमीच्या ऑफिसात, एक जवळच्या वाचनालयात द्या. एक मात्र सांभाळा, काही दगडांवर हयात जोडीदाराचं नाव आधीच कोरून मृत्यूच्या तारखेची जागा मोकळी सोडलेली असते, ते नाव टाकू नका. अलीकडचं दफन असेल तर घरच्यांना विचारल्याशिवाय फोटोही नको.