मोबाइलने काढलेल्या फोटोंवरून पुलाचे तडे कॉम्प्युटरला ओळखता येतात का?

सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि नाशिकमधल्या एका पुलावर प्रोजेक्ट करायचाय, असं तुम्ही लिहिलंय. तडे ओळखता येतात. पुलांच्या तपासणीत मी हेच काम करतो. पण कुठलं मॉडेल (तडे ओळखायला शिकवलेला प्रोग्राम) घ्यायचं यापेक्षा फोटो किती जवळून काढायचा, ते आधी ठरवा.

हिशेब असा. फोटो आडवा ४००० पिक्सेलचा आणि त्यात दोन मीटर काँक्रीट आलं, तर एक पिक्सेल म्हणजे अर्धा मिलिमीटर. सतत ओल असलेल्या भागात तडा ०.२ मिलिमीटरपेक्षा रुंद नसावा, असं आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक सांगतं (काँक्रीटच्या पुलांसाठीची आयआरसी ११२ ही नियमावलीसुद्धा वाचा). म्हणजे ज्याची काळजी करायची, तो तडा तुमच्या फोटोत अर्धा पिक्सेलही भरत नाही. चौकटीत ४० सेंटिमीटरच घ्या, मग पिक्सेल ०.१ वर येतो. आम्ही पहिल्यांदा काठावर उभं राहून झूम करून फोटो काढले होते, ते सगळे पुन्हा काढावे लागले. ड्रोन वापरणार असाल तर सरकारच्या डिजिटल स्काय साइटवर ड्रोन कुठे उडवता येतो याचा नकाशा बघूनच उडवा. इथे ओझरचा विमानतळ आणि देवळालीचा लष्करी तळ दोन्ही जवळ आहेत.

मग डेटा, म्हणजे मॉडेलला शिकवायचे फोटो. ‘एसडीनेट२०१८’ नावाच्या संग्रहात काँक्रीटचे, तडे असलेले आणि नसलेले, ५६ हजारांवर फोटो फुकट मिळतात, पण ते अमेरिकेतले. त्यावर शिकवलेल्या आमच्या मॉडेलला शटरिंगच्या (काँक्रीट ओतायच्या साच्याच्या) फळ्यांच्या रेषा तडे वाटल्या, शेवाळाचे ओघळही. गोदावरीचा पूर ओसरल्यावर खांबांवर गाळाचा पट्टा राहतो ना, त्याची कड तर सलग तडा म्हणून आली. इथले दोन-तीनशे फोटो, तडा कुठे आहे त्याच्या खुणा स्वतः करून, त्यात घाला, तडे नसलेलेसुद्धा. आणि ‘९९ टक्के अचूक’ असं रिपोर्टात लिहू नका. शंभरात एकच पिक्सेल तड्याचा असेल, तर ‘तडा नाही’ एवढंच म्हणणारं मॉडेलही ९९ टक्के मिळवतं. खऱ्या तड्यांपैकी किती सापडले, ते लिहा.

काँक्रीट आतून सुटलंय का, हे फोटोत दिसत नाही, हातोडीने ठोकून आवाजावरून कळतं. पाण्याखाली खांबाच्या पायाजवळची माती वाहून गेली असेल, तर वरच्या फोटोत काहीच दिसत नाही. या दोन्ही गोष्टी प्रोजेक्टच्या मर्यादांमध्ये स्पष्ट लिहा. जागांवर रंगाने खुणा करून मे महिन्यात एकदा फोटो घ्या आणि पावसाळ्यानंतर दुतोंड्या मारुती (रामकुंडाजवळची मूर्ती, जिच्यावरून गोदावरीच्या पुराची पातळी ओळखतात) पाण्याबाहेर पूर्ण दिसायला लागला की त्याच जागांचे पुन्हा घ्या.