प्रश्न तुमचे : क्रिप्टोग्राफीत इंजिनिअर व्हायचं आहे

प्रश्न : मी बी.एस्सी. गणिताच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉम्प्युटर सायन्सची पदवी नाही. क्रिप्टोग्राफिक इंजिनिअर होता येईल का? सुरुवात कुठून करू?
(एक विद्यार्थिनी, सातारा)

होता येईल. मॉड्युलर अंकगणित, ग्रुप, सांत क्षेत्रं, संभाव्यता आणि रेषीय बीजगणित एवढी शिदोरी सुरुवातीला पुरते. तुमच्याकडे कमी पडणार ते सी भाषेचं ज्ञान. बिट, पॉइंटर, मेमरी यांवर हात बसला नसेल तर पुढचे सहा महिने तिथेच घाला.

नवीन सायफर, म्हणजे संदेश गुप्त करण्याची पद्धत, शोधणं हे या पेशातलं अगदी थोडं काम. खरं काम म्हणजे जगाने तपासून मान्य केलेला अल्गोरिदम चूक न करता आणि गुपित न सांडता कोडमध्ये उतरवणं. म्हणून पहिला प्रकल्प एक्स२५५१९ चा करा. दोघांना उघड्या वाहिनीवरून सामाईक गुप्त किल्ली ठरवू देणारा हा अल्गोरिदम आहे. त्याचं वर्णन आरएफसी ७७४८ या इंटरनेट-मानकांच्या मालिकेतल्या दस्तऐवजात आहे. सगळं गणित २ चा २५५ वा घात वजा १९ या मूळ संख्येच्या मॉड्युलोत चालतं. ६४-बिट प्रोसेसरवर या गणितातली प्रत्येक संख्या ५१ बिटांच्या पाच तुकड्यांत ठेवतात आणि गुणाकार १२८ बिटांत घेतात. इथे चूक होते ती हातच्यात. एखादा हातचा पुढे न्यायचा राहिला तरी कोट्यवधी यादृच्छिक चाचण्या बिनबोभाट पास होतात, कारण ती चूक संख्या अगदी टोकाला पोचली तरच उघडी पडते. तेव्हा ०, १, मूळ संख्येच्या आसपासच्या आणि तिच्याहून मोठ्या संख्या मुद्दाम द्या. आरएफसीत पुनरावृत्तीची चाचणी आहे: १, १,००० आणि १०,००,००० फेऱ्यांनंतरची उत्तरं छापलेली आहेत, ती जुळलीच पाहिजेत. त्यानंतर वायचप्रूफ या खुल्या चाचणीसंचाचे टेस्ट व्हेक्टर, म्हणजे इनपुट आणि अपेक्षित उत्तरांच्या जोड्या, चालवा. ते नेमक्या अशा अडचणीच्या जागा शोधूनच बनवले आहेत.

शिक्षणाचं म्हणाल तर कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत क्रिप्टॉलॉजी अँड सिक्युरिटी या विषयातला एम.टेक. आहे. एम.टेक.साठी साधारणपणे एम.एस्सी. किंवा अभियांत्रिकीची पदवी मागतात, त्यामुळे आधी एम.एस्सी. करा आणि त्या दोन वर्षांत वरचा प्रकल्प पुरा करून कोड सगळ्यांना पाहता येईल असा ठेवा. मुलाखतीत त्यावरच बोलणं होईल, असं धरून चाला.

प्रश्न : मी चार वर्षं एम्बेडेड फर्मवेअर लिहितो. आता सिक्युरिटीकडे वळायचं आहे. माझा अनुभव उपयोगी पडेल का, की सगळं नव्याने शिकावं लागेल?
(फर्मवेअर इंजिनिअर, पुणे)

तुमचा अनुभव इथे फार मोलाचा आहे. डेटाशीट वाचणारी आणि तयार झालेलं असेम्ब्ली उघडून पाहणारी माणसं या कामाला हवीच असतात.

आधी वेळेची गळती, म्हणजे कोडला लागणाऱ्या वेळेवरून गुपित कळणं, समजून घ्या. संदेशाचा टॅग (तो खरा आहे हे पटवणारे बाइट) सीमधल्या मेमसीएमपी या तुलनेच्या फंक्शनने तपासला तर पहिला वेगळा बाइट दिसताच फंक्शन परत फिरतं, आणि त्या वेळेवरून हल्लेखोर एकेक बाइट जुळवत जातो. यावर उपाय म्हणजे दोन्ही टॅगचे सगळे बाइट जोडीजोडीने एक्सॉर करून उत्तरं ऑरने जमा करायची आणि शेवटी एकदाच निकाल द्यायचा. पण तेवढ्यावर थांबू नका. कंपायलर हुशारी करून तुमच्या शाखाविरहित कोडमध्ये पुन्हा शाखा घालू शकतो, त्यामुळे प्रत्येक ऑप्टिमायझेशन पातळीला असेम्ब्ली पाहा. कॉर्टेक्स-एम३ या मायक्रोकंट्रोलरच्या प्रोसेसरवर तर लांब गुणाकाराच्या सूचनेला, यूमलला, आकड्यांनुसार ३ ते ५ सायकल लागतात. एम४ वर तीच सूचना एका सायकलीत होते. म्हणजे एकच सी कोड एका चिपवर सुरक्षित आणि दुसरीवर गळका असू शकतो.

दुसरी जागा नॉन्सची, म्हणजे प्रत्येक संदेशासोबत एकदाच वापरायच्या आकड्याची, आणि ती तुमच्या रोजच्या कामातली आहे. एईएस-जीसीएम या संदेश गुप्त ठेवणाऱ्या आणि त्याचा खरेपणाही तपासणाऱ्या पद्धतीत ९६ बिटांचा नॉन्स त्याच किल्लीसोबत दुसऱ्यांदा वापरला की दोन्ही संदेशांचा एक्सॉर उघडा पडतो. शिवाय प्रमाणीकरणाची आतली किल्लीही काढता येते, आणि मग खोटे संदेश बिनदिक्कत खपतात. नॉन्स देणारा उपकरणाचा काउंटर रॅममध्ये असेल तर वीज गेल्यावर तो शून्यावर येतो आणि नेमकं हेच घडतं. प्रत्येक संदेशाला फ्लॅशवर लिहिलं तर फ्लॅश झिजते, कारण बऱ्याच मायक्रोकंट्रोलरच्या फ्लॅशची हमी १०,००० वेळा पुसण्याचीच असते. त्यामुळे आकडे आगाऊ राखून ठेवा. फ्लॅशवर १,००० लिहा आणि ९९९ पर्यंत रॅममधून वापरा. ते संपायच्या आत २,००० लिहा. रीसेट झाला की फ्लॅशवरच्या आकड्यापासून सुरुवात करायची, पण पहिला संदेश पाठवण्याआधी पुढचा हजार लिहून घ्यायचा. मधले काही आकडे वाया जातात, जाऊ द्या.

यापुढे एमएल-केईएम शिका. क्वांटम संगणकासमोरही टिकावी म्हणून बनवलेली ही किल्ली ठरवण्याची पद्धत आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये ती फिप्स २०३ या अमेरिकी सरकारी मानकाने प्रमाणित झाली. तिच्या एमएल-केईएम-७६८ या संचात सार्वजनिक किल्ली १,१८४ बाइटची आणि सायफरटेक्स्ट १,०८८ बाइटचं असतं, तर एक्स२५५१९ ची किल्ली अवघी ३२ बाइट. तुमचे बफर, स्टॅक आणि रेडिओची पॅकेटं यांचा हिशेब नव्याने मांडावा लागणार आहे, आणि तो मांडू शकणारी माणसं थोडी आहेत. यातही वेळेची गळती आहेच. एमएल-केईएमच्या गणितातल्या ३,३२९ या ठरलेल्या संख्येने केलेल्या साध्या भागाकारातून गुपित सांडू शकतं हे २०२३ च्या अखेरीस दिसून आलं आणि अनेक लायब्ररींना तो भागाकार गुणाकार-शिफ्टने बदलावा लागला.

प्रश्न : मुलगा बारावीत आहे. त्याने स्वतःचा सायफर बनवला आहे आणि तो कोणालाच तुटणार नाही असं म्हणतो. प्रोत्साहन देऊ का?
(एक पालक, फोंडा)

त्याच्या आवडीला जरूर द्या, त्या दाव्याला मात्र नको. बनवणाऱ्याला स्वतःचा सायफर तोडता आला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. त्याला आधी तोडायला शिकू दे. क्रिप्टोपाल्स या संकेतस्थळावरचे सायफर तोडण्याचे सराव फुकट आहेत आणि पायथनमध्ये सोडवता येतात. सीबीसीवरचा (ब्लॉक साखळीने जोडणाऱ्या पद्धतीवरचा) पॅडिंग ओरॅकल हल्ला त्याच्या वयाला चांगला. संदेशाच्या शेवटची भर बरोबर आहे की नाही, एवढंच सर्व्हरने सांगितलं तरी तो चालतो: दर बाइटला जास्तीत जास्त २५६ प्रयत्न, म्हणजे १६ बाइटचा ब्लॉक ४,०९६ प्रयत्नांत किल्लीशिवाय वाचता येतो. ते जमलं की त्याच्याच सायफरकडे वळू दे. इनपुटमधला एकच बिट बदलून आउटपुटमधले किती बिट बदलतात हे दहा हजार वेळा मोजायला सांगा. सरासरी निम्म्याच्या आसपास आली नाही, तर सायफर कुठे कच्चा आहे ते शोधायला त्याला जागा सापडली.