रंगीबेरंगी चित्रांनी रंगवलेली जुनी हिप्पी व्हॅन विकत घेताना काय तपासावे?

अशी व्हॅन बहुधा फोक्सवॅगन टाइप २ असावी, असे गृहीत धरून उत्तर देतो. तिचे उत्पादन १९५० मध्ये सुरू झाले. दुभागलेल्या पुढच्या काचेचे जर्मन मॉडेल १९६७ पर्यंत बनत होते आणि त्याची किंमत सहसा नंतरच्या अखंड काचेच्या मॉडेलपेक्षा बरीच जास्त असते.

फुलाफुलांच्या रंगकामाला भुलून व्यवहार करू नये, कारण त्या थराखाली गंज आणि पुट्टी सहज लपते. चाकांवरच्या कमानी, दाराखालच्या पट्ट्या, पुढच्या काचेची खालची कड आणि बॅटरीखालचा पत्रा या जागी पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवून पाहावे. ते जिथे धरत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे, असे समजावे. खिडकीच्या रबरावर रंगाचे शिंतोडे असतील, तर काम काचा न काढताच उरकलेले आहे.

इंजिन मागे असते आणि ते हवेने थंड होते. तेथील पेट्रोलच्या नळ्यांना भेगा असल्यास आगीचा खरा धोका असतो. म्हणून त्या बदलल्याशिवाय गाडी लांब नेऊ नये. इंजिनाच्या कप्प्यात कोरलेला चॅसी क्रमांक कागदपत्रांशी जुळतो का आणि बदललेल्या रंगाची अधिकृत नोंद झाली आहे का, हेही पाहावे. संग्राहक मूळ रंगालाच अधिक भाव देतात, त्यामुळे चित्रांसाठी जादा पैसे मोजणे मला तरी पटत नाही.