दुकान बंद, भाडं चालू

सेलूच्या एका ताईंनी लिहिलंय की, एका परदेशी कंपनीच्या ऑनलाइन आभासी जगात त्यांनी जागा घेतली आणि अवतारांसाठी, म्हणजे त्या जगात आपल्या जागी वावरणाऱ्या बाहुल्यांसाठी, पैठणीच्या नक्षीचे कपडे विकायचं दुकान टाकलं. जागेचं भाडं दर महिन्याला कार्डातून कटतं. पण वर्षभरापासून लॉगिन केलं की निम्मा माल गायब असतो, भिंती राखाडी दिसतात, शेजारच्या भागात पाऊल टाकलं की सगळंच बंद पडतं. तक्रारीवर ‘कॅशे साफ करा’ एवढंच उत्तर येतं आणि तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, ‘निकाली’ निघतं. अटींमध्ये लिहिलंय, सेवा आहे तशी घ्या, वाद परदेशी लवादाकडे न्या.

ताई, ‘माझी जमीन’ हा मुद्दा आधी सोडा. अशा जागेचा बहुधा नुसता वापर-परवाना असतो, सातबारा नव्हे. तुमची खरी बाजू भाड्याची आहे. पैसे घेऊन सेवा दिली नाही, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ती सेवेतील त्रुटी ठरते. कलम 34 प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे परभणीच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. लवादाच्या अटीमुळे ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये मान्य केलं. ते प्रकरण देशी बिल्डरचं होतं, त्यामुळे समोरचा वकील इथं भांडणारच.

तो दुसरंही म्हणेल, हा तर धंदा, तुम्ही ग्राहकच नाही. म्हणून दुकान तुम्ही स्वतः, पोटापाण्यासाठी चालवता हे तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा.

आणि सगळ्यात आधी तो दोष तुमच्या नेटवर ढकलेल. मराठवाड्यात लाइट जाते, रेंज जाते, हे कुणालाही पटतं! त्यामुळे बिघाड दिसला की तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीन रेकॉर्ड करा, तेव्हाच नेटचा वेग मोजून त्याचाही फोटो ठेवा. मग दुसऱ्याच्या वायफायवर, दुसऱ्या लॅपटॉपवर तोच प्रकार दाखवा. तिकिटांचे ईमेल आणि कार्डाचं स्टेटमेंट जोडा. हा सगळा इलेक्ट्रॉनिक पुरावा आहे, त्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे हा पुरावा अस्सल असल्याचं, प्रमाणपत्र लागतं. बरेच जण नेमकं तेच विसरतात.

वैतागून भाडं लगेच थांबवू नका. जागा गेली की पुरावाही जाईल. आधी सगळं रेकॉर्ड करा. नक्षीच्या मूळ फाइली तुमच्याकडे असतीलच, त्या जपा.

मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेलनं नोटीस द्या. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण अपेक्षित आहे. तसं झालं नाही तर ग्राहक आयोगाच्या ई-जागृती पोर्टलवर तक्रार भरा. मुदत दोन वर्षांची आहे, ती पहिल्या तिकिटापासून मोजलेली बरी.

खरं सांगायचं तर, कंपनीचं भारतात कार्यालय नसेल तर निकाल लागूनही वसुली अवघड जाते. म्हणून भाड्याची पावती कोणत्या नावानं येते ते आजच पाहा. ते नाव भारतीय कंपनीचं निघालं, तर तिलाही प्रतिवादी करा.